रात्री तीन वाजता हवा कोणासाठी?

रात्रीचे तीन वाजले होते. गटारांतून येणारं पाणी दिवसातलं सगळ्यात कमी आणि सगळ्यात पातळ असतं, ती ही वेळ. मैला शुद्धीकरण केंद्रातल्या एरेशन टाकीवरच्या, म्हणजे जिथे मैलापाण्यात हवा सोडतात त्या टाकीवरच्या, अरुंद पुलावर मी उभा होतो आणि खाली पाणी उकळी फुटल्यासारखं उसळत होतं. एवढी उसळी सकाळी नऊला समजू शकतो, तेव्हा अख्खं शहर एकदम उठून नळाखाली गेलेलं असतं. रात्री तीनला तिचं कारण कळेना. कठड्याला लावलेल्या छोट्या पडद्यावर डीओचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा होता: लिटरला ६.१ मिलिग्रॅम. टाकीतल्या जिवाणूंचं काम दोनात भागतं.

पाळीवरच्या ऑपरेटरला विचारलं, हवा फुंकणाऱ्या यंत्रांपैकी एक ब्लोअर बंद का करत नाही? तो म्हणाला, सकाळी नमुना घ्यायला माणूस येतो. नमुना नापास झाला तर नोटीस माझ्या नावावर निघते. आणि विजेचं बिल? ते मी कधी पाहिलेलंच नाही, सर.

त्याचं काहीही चुकलेलं नव्हतं. त्याच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. ज्याच्या हातात बटण आहे त्याला बिल दिसत नाही आणि ज्याच्या टेबलावर बिल येतं त्याला डीओ म्हणजे काय हे माहीत नसतं. सांडपाणी शुद्ध करायला वीज लागणारच, त्यात वाद नाही. पण आज या केंद्रांत जी वीज जाते त्यातली बरीचशी घाण काढण्यात जातच नाही. ती भीतीपोटी जाते, न पाहिलेल्या आकड्यांपायी जाते. म्हणून माझं म्हणणं असं आहे की या प्रश्नाची सुरुवात नव्या यंत्रापासून करू नये, हिशेबापासून करावी. एक किलो घाण काढायला किती युनिट लागले, हा आकडा प्रत्येक नगरपालिकेने दर महिन्याला लोकांपुढे ठेवला पाहिजे.

आकडा छोटा नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१६ साली मांडलेल्या हिशेबाप्रमाणे पाणी उपसणं, पोचवणं आणि शुद्ध करणं या सगळ्याला मिळून जगातली सुमारे ४ टक्के वीज लागते. त्यातला साधारण चौथा हिस्सा सांडपाण्याचा. म्हणजे जगात तयार होणाऱ्या दर शंभर युनिटांमागे जवळजवळ एक युनिट आपण वाहून दिलेल्या पाण्यामागे जातं. नगरपालिकांच्या स्वतःच्या वापरात तर पाणीपुरवठा आणि सांडपाणी हीच विजेची सगळ्यात मोठी खाती असतात. रस्त्यावरचा दिवा दिवसा जळत राहिला तर चार लोक तक्रार करतात. इथे शेकडो किलोवॉटचे ब्लोअर गरज नसताना फिरत राहतात आणि कुंपणाबाहेर कोणाला पत्ता नसतो.

ही हवा लागते कशाला, ते आधी पाहू. १९१४ साली मँचेस्टरजवळच्या डेव्हिहल्म केंद्रातले एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट बाटल्यांत मैलापाणी भरून त्यातून हवा सोडत होते. पहिल्या खेपेला पाणी पूर्ण निवळायला सुमारे पाच आठवडे लागले. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. वरचं निवळलेलं पाणी काढून टाकलं, तळाचा गाळ ठेवला आणि त्याच गाळावर नवीन मैलापाणी ओतलं. असं पुन्हा पुन्हा करत गेल्यावर आठवड्यांचं काम एका दिवसाच्या आत आलं. गाळ म्हणजे उपाशी जिवाणूंची तयार फौज होती. यालाच आपण ॲक्टिव्हेटेड स्लज म्हणतो, आणि शंभर वर्षांनंतरही जगातली बहुतेक मोठी केंद्रं याच तत्त्वावर चालतात. शोध मोठा होता, त्याने असंख्य नद्या वाचवल्या. पण त्याची एक अट होती: या फौजेला चोवीस तास श्वास पुरवायचा. तो श्वास पुरवणं म्हणजे ब्लोअर. केंद्राच्या एकूण विजेपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त वीज एकट्या याच कामाला जाते. उरलेली पंप, गाळाची यंत्रं, ढवळणी आणि बाकीच्या किरकोळ गोष्टींना.

पंपांचं लवकर आटोपतो. एक घनमीटर पाणी दहा मीटर उचलायला, पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर, ०.०४५ युनिटच्या आसपास वीज लागते. साध्या ॲक्टिव्हेटेड स्लज केंद्राचा एकूण खर्च घनमीटरमागे साधारण ०.३ ते ०.६ युनिट असतो. तेव्हा पंप दुर्लक्ष करण्याइतके लहान नाहीत, पण मूळ दुखणं ते नव्हे. एकच तक्रार नोंदवून ठेवतो. फुटक्या गटारांत पावसाचं आणि जमिनीतलं पाणी शिरतं, आणि मग कसलीही घाण नसलेलं ते पाणी आपण घाणीसोबत दोन-तीनदा उचलत बसतो. गटारं दुरुस्त करणं हे वीज वाचवण्याचं काम आहे, असं कुठल्याही ऊर्जा आराखड्यात मला सहसा दिसलेलं नाही.

आता हवेकडे येऊ, कारण सगळं तिथे आहे. साधारण २० अंश तापमानाला पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या थोडा वर ऑक्सिजन विरघळू शकतो. बुडबुड्यातून ऑक्सिजन पाण्यात किती वेगाने उतरणार हे ठरतं ते पाण्यात अजून किती जागा रिकामी आहे त्यावर. डीओ २ असेल तर रिकामी जागा ७ मिलिग्रॅमची. डीओ ४ वर नेला की ५ची उरते. म्हणजे तेवढाच ऑक्सिजन पाण्यात उतरवायला सुमारे चाळीस टक्के जास्त हवा फुंकावी लागते. आणि डीओ ६ वर ठेवला, त्या रात्री होता तसा, तर रिकामी जागा तीनाच्या आसपास. तेव्हा हवा दुपटीहून अधिक लागते. प्रत्यक्ष टाकीत खोली, तापमान, साबण या सगळ्यांनी आकडे हलतात, पण दिशा हीच राहते. जिवाणूंना या जादा हवेचा काही उपयोग नसतो. दोनला ते जेवढं खातात जवळपास तेवढंच सहाला खातात. आपण फक्त भरल्या पोटी वाढत राहतो.

आणि एवढं करूनही बुडबुड्यातला बहुतेक ऑक्सिजन पाण्यात उतरतच नाही. टाकीच्या तळाशी बसवलेला, हवेचे बारीक बुडबुडे करणारा चांगला डिफ्यूझर स्वच्छ पाण्यात दर मीटर खोलीला साधारण ६ टक्के ऑक्सिजन उतरवतो. पाच मीटरच्या टाकीत झाले ३० टक्के. मैलापाण्यात साबण आणि चिकट पदार्थ असतात, तिथे हे प्रमाण निम्म्यावर येऊ शकतं. थोडक्यात, मोठा पैसा खर्चून दाबलेल्या हवेतल्या ऑक्सिजनपैकी पाऊण हिश्श्याहून जास्त पुन्हा आकाशात जातो. म्हणून या साखळीतली प्रत्येक छोटी ढिलाई महागात पडते.

अशी एक ढिलाई मी डोळ्यांनी पाहिली आहे. दुसऱ्या एका केंद्रात ब्लोअर स्वयंचलित होते. डीओचा सेन्सर सांगेल तसा ब्लोअरचा वेग आपोआप कमी-जास्त व्हायचा. कागदावर उत्तम व्यवस्था. सेन्सर १.३ दाखवत होता आणि ब्लोअर जीव खाऊन पळत होता. तिथल्या एका जुन्या फिटरने सेन्सरचा दांडा पाण्यातून वर ओढला. टोकावर बोटभर जाडीचा करडा बुळबुळीत थर बसला होता. त्या थरात राहणारे जिवाणूच सेन्सरच्या तोंडाशी आलेला ऑक्सिजन पिऊन टाकत होते आणि सेन्सर बिचारा प्रामाणिकपणे सांगत होता, इथे ऑक्सिजन कमी आहे. फिटरने ओल्या फडक्याने टोक पुसलं, दांडा परत पाण्यात सोडला. दोन-तीन मिनिटांत आकडा चारच्या जवळ गेला आणि शेजारच्या खोलीतला ब्लोअर हळूहळू मंदावला. तो थर किती दिवसांचा होता हे कोणालाच सांगता आलं नाही. फडकं मारायचं काम कोणाच्या यादीतच नव्हतं.

डिफ्यूझरचंही तसंच. टाकीच्या तळाशी रबराच्या हजारो चकत्या असतात, त्यांना सुईच्या टोकाएवढ्या चिरा असतात. वर्षं जातात तसं रबर कडक होतं, चिरांत क्षार आणि शेवाळासारखा थर बसतो. मग तेवढीच हवा ढकलायला ब्लोअरला जास्त दाब लावावा लागतो, शिवाय बुडबुडे मोठे होतात आणि मोठे बुडबुडे पटकन वर पळतात. हे सगळं पाण्याखाली चालतं, दिसत नाही. पण ब्लोअरच्या तोंडाशी असलेल्या दाबमापीवर दिसतं. तो आकडा प्रत्येक पाळीला नोंदवहीत लिहिलाही जातो. पाच वर्षांच्या नोंदवह्या समोर ठेवून दाब किती चढला हे पाहिलं तर टाकी कधी रिकामी करून चकत्या बदलायच्या हे लख्ख कळेल. लिहिणारे हात आहेत, ते वाचायला मात्र कोणी नेमलेलं नाही.

मग येतो आराखडा. केंद्र बांधताना पुढच्या पंचवीस-तीस वर्षांच्या लोकसंख्येचा अंदाज धरतात, त्यावर सणासुदीचा भार, त्यावर सुरक्षिततेचा गुणक. बांधकाम एकदाच होतं, तेव्हा टाक्या मोठ्या ठेवणं मी समजू शकतो. पण ब्लोअरही त्याच आकाराचे घेतले जातात, दोन किंवा तीन अवाढव्य. पहिली दहा वर्षं शहराची खरी गरज एका ब्लोअरच्या निम्म्याहून कमी असते आणि ब्लोअर एका मर्यादेखाली हळू चालवताच येत नाही. मग काय, तो चालतो आणि डीओ सहावर जातो. त्या रात्रीच्या केंद्राचं नेमकं हेच होतं. ऑपरेटरने धाडस करून बटण दाबलं असतं तरी त्याच्यासमोर दोनच पर्याय होते: फार जास्त हवा किंवा अजिबात हवा नाही. चार लहान ब्लोअर आणि वेग बदलणारी यंत्रणा असती तर त्याला मधली वाट मिळाली असती.

ती मधली वाट का ठेवली जात नाही? कारण निविदा उघडताना खरेदीची किंमत पाहतात. १०० किलोवॉटचा एक ब्लोअर वर्षभर अखंड चालला तर ८ लाख ७६ हजार युनिट खातो. पंधरा वर्षांत सव्वा कोटीच्या वर. त्या विजेपुढे यंत्राची खरेदी किंमत किरकोळ ठरते. दोन ब्लोअरच्या कार्यक्षमतेत ५ टक्क्यांचा फरक असेल तर वर्षाला जवळजवळ ४४ हजार युनिटांचा फरक पडतो. तरी कमी बोलीचा ब्लोअर जिंकतो, कारण बांधणारा तीन वर्षांत निघून जातो, चालवणारा दुसराच असतो आणि बिल भरणारा तिसरा. ज्या निविदेत पुढच्या पंधरा वर्षांच्या विजेची रक्कम बोलीत मिळवलेली नाही, ती निविदा अपुरी आहे आणि मंजूर करणाऱ्यांनी ती परत पाठवली पाहिजे. एवढं ठाम विधान मी सहसा करत नाही, इथे करतो.

हिशेब म्हणजे कसला हिशेब, हेही नीट सांगायला हवं, कारण चुकीच्या मापाने चांगलं केंद्र वाईट ठरतं. सध्या सर्रास घनमीटरमागे युनिट मोजतात. आता दोन केंद्रं कल्पून पाहा. पहिल्यात गटारं फुटकी, जमिनीतलं पाणी शिरून मैलापाणी पातळ झालेलं. तिथे दर घनमीटरला ०.३ युनिट लागतात आणि २०० ग्रॅम सीओडी निघतं. सीओडी म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप. दुसऱ्यात गटारं घट्ट, मैलापाणी दाट. दर घनमीटरला ०.५ युनिट आणि ५५० ग्रॅम सीओडी काढलं जातं. घनमीटरने मोजलं तर पहिलं केंद्र काटकसरी दिसतं. किलोने मोजलं तर पहिल्याला एक किलो घाणीमागे दीड युनिट लागतं आणि दुसऱ्याला ०.९. म्हणजे ज्याची गटारं गळतात त्याला शाबासकी आणि ज्याने गटारं सांभाळली त्याच्यावर ठपका! हे माप तातडीने बदललं पाहिजे. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड या देशांत घाणीच्या भारावर, म्हणजे एका माणसाच्या रोजच्या घाणीमागे वर्षाला किती युनिट, असा हिशेब करण्याची रीत जुनी आहे आणि त्यातून केंद्रा-केंद्रांची तुलनाही होते. त्यात नायट्रोजनही धरायला हवा, कारण अमोनियातल्या एक किलो नायट्रोजनचं नायट्रेट करायला ४.५७ किलो ऑक्सिजन लागतो. जे केंद्र नायट्रोजन काढतं ते जास्त वीज वापरणारच आणि नदीसाठी ते जास्त काम करतं. त्याला त्याचं श्रेय मिळालं पाहिजे.

इथे कोणी म्हणेल, एवढं किरकोळ कशाला मोजायचं, सांडपाण्यातच वीज आहे ना, ती काढा. खरं आहे, आणि मला स्वतःला या विषयाची ओढ लागली ती यामुळेच. लिटरला ५०० मिलिग्रॅम सीओडी असलेल्या एका घनमीटर मैलापाण्यात जवळपास १.९ युनिट रासायनिक ऊर्जा असते. केंद्र खातं त्याच्या तीन-चार पट. पण या आकड्यावरून वर्तमानपत्रांत जी मथळ्यांची घाई होते ती मला पटत नाही. गणित पुढे नेऊन बघा. त्यातली साधारण ३० टक्के घाण गाळावाटे डायजेस्टरमध्ये, म्हणजे गाळ हवेशिवाय कुजवणाऱ्या बंद टाकीत, जाऊन वायू बनते असं धरू. म्हणजे १५० ग्रॅम. एक किलो सीओडीपासून ०.३५ घनमीटर मिथेन, तेव्हा आपल्याला मिळाला ०.०५ घनमीटरच्या थोडा वर. मिथेनच्या घनमीटरमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा, म्हणजे हाती अर्धं युनिट. इंजिन त्यातलं ३५ टक्के विजेत बदलतं. शेवटी राहिलं ०.१८ युनिट. केंद्र ०.४५ युनिट वापरत असेल तर ही ४० टक्के गरज झाली. तेच केंद्र काटकसरीने ०.३ वर आलं तर त्याच वायूत ६० टक्के गरज भागते. डायजेस्टर एकाने बांधला, पण त्याची किंमत ठरवली ती ब्लोअरच्या खोलीतल्या शिस्तीने.

ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतात श्ट्रास नावाचं एक केंद्र आहे. हिवाळ्यात पर्यटकांची गर्दी झाली की त्याचा भार कैक पटींनी वाढतो. हे केंद्र २००५च्या सुमारास स्वतःच्या विजेवर उभं राहिलं आणि तेव्हापासून जगभरचे अभियंते तिथे वारी करतात. बहुतेक जण तिथला डायजेस्टर पाहून परततात. पण तिथलं यश आलं ते एकेका टक्क्याने, वर्षानुवर्षं. पहिल्याच टाकीत घाण जाळण्याऐवजी ती गाळात पकडून ठेवायची, म्हणजे ती हवा न खाता वायू देते. ही पद्धत जर्मनीतल्या आखेनच्या बोथो ब्योन्के यांनी १९७०च्या दशकात मांडली होती. मग गाळातून निथळणाऱ्या अमोनियाने भरलेल्या पाण्यावर ॲनामॉक्स जिवाणू लावायचे. हे जिवाणू अमोनिया आणि नायट्राइट मिळवून थेट नायट्रोजन वायू करतात, त्यामुळे हवा निम्म्याहूनही कमी लागते. मोठ्या प्रमाणावर त्यांचा पहिला वापर २००२ साली रॉटरडॅममध्ये झाला. आणि या सगळ्याच्या तळाशी, हवा किती सोडायची हे अमोनिया मोजून ठरवायचं. डेन्मार्कमध्ये आरहूसच्या मार्सेलिसबोर्ग केंद्राने मुख्यतः शहराच्याच सांडपाण्यावर गरजेपेक्षा जास्त ऊर्जा काढून दाखवली, तीही अशाच मोजमापाच्या जोरावर.

काही नावाजलेली केंद्रं बाहेरून अन्नाचा कचरा आणि तेलकट मळी आणून डायजेस्टरमध्ये घालतात. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचं केंद्र त्याच वाटेने २०१२ साली वापरापेक्षा जास्त वीज करू लागलं. काम चांगलंच आहे, तो कचरा नाहीतर कुठेतरी सडला असता. पण ती वीज कचऱ्याची आहे, सांडपाण्याची नव्हे, एवढं प्रामाणिकपणे सांगून मग आनंद मानावा. युरोपीय संघाने २०२४च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर केलेल्या नव्या निर्देशाबद्दलही माझी हीच अडचण आहे. दहा हजार माणसांच्या भाराहून मोठ्या केंद्रांनी मिळून २०४५पर्यंत वापराएवढी अक्षय ऊर्जा तयार करावी, २०३०ला २० टक्क्यांपासून सुरुवात करून. उद्दिष्ट स्तुत्य आहे, आणि त्यात ऊर्जेची नियमित तपासणीही सक्तीची केली आहे, जी मला सगळ्यात मोलाची वाटते. पण छतावरचे सौर पॅनेलही त्या हिशेबात बसतात. माझी भीती अशी की पॅनेल लावणं सोपं आहे, उद्घाटनाला शोभून दिसतं, आणि बुळबुळीत सेन्सर तसाच राहील. वाया जाणारी वीज सूर्याची असली तरी ती वायाच जाते.

याच्या उलट बाजूचा धोकाही तेवढाच खरा आहे, आणि वीज वाचवा म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांनी तो आधी सांगितला पाहिजे. हवा मनाला येईल तशी छाटली तर जिवाणू अर्धवट काम करतात आणि नायट्रस ऑक्साइड सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. समजा घनमीटरमागे ४० ग्रॅम नायट्रोजन आला आणि त्यातला फक्त एक टक्का या वाटेने निसटला. तरी तो १७० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडएवढा होतो. युनिटमागे अर्धा किलो कार्बन सोडणारी वीज धरली तर ०.४ युनिटांचे होतात २०० ग्रॅम. म्हणजे बिल निम्मं करून मिळवलेलं सगळं एका अदृश्य वायूत घालवता येतं. म्हणून नुसतं ‘बिल २० टक्के कमी करा’ असा हुकूम काढणं धोक्याचं आहे. तसा हुकूम निघाला की रात्री ब्लोअर बंद होतील, सकाळी नमुन्याच्या तासभर आधी सुरू होतील आणि कागदावर सगळं छान दिसेल. किलोमागे युनिट या मापात ही पळवाट बरीच बंद होते, कारण घाण निघाली नाही तर भागाकारातला खालचा, म्हणजे किलोंचा, आकडाही घसरतो. मात्र त्यासाठी नमुना ठरलेल्या वेळी एकदा न घेता चोवीस तासांचा मिळून घ्यायला हवा.

आणि तो मोठा आक्षेप. आधी नद्या स्वच्छ होऊ द्या, विजेचं नंतर बघू, असं म्हणणारी माणसं भली आहेत आणि त्यांची तळमळ मला मान्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२१च्या आकडेवारीप्रमाणे जगातल्या घरगुती सांडपाण्यापैकी सुमारे ४४ टक्के सुरक्षित रीतीने शुद्ध होत नाही. एवढं काम बाकी असताना युनिट मोजत बसणं क्षुद्र वाटू शकतं. पण शुद्धीकरण केंद्र बांधलं म्हणून चालतंच असं नाही. बांधकामाला निधी मिळतो, चालवायला दर महिन्याला पैसे लागतात, आणि त्या पैशांत वीज हा सगळ्यात मोठ्या खर्चांपैकी एक. बिल थकलं की पहिला बंद पडतो तो ब्लोअर. गाळातले जिवाणू काही तासांत गुदमरू लागतात, काही दिवसांत टाकी सडते, आणि मैलापाणी बाजूच्या नाळीतून सरळ नदीत जातं. जे केंद्र कमी विजेत चालतं तेच तंगीच्या वर्षातही चालू राहतं. नदीवर प्रेम असेल तर ब्लोअरच्या खोलीत डोकवावंच लागेल.

ज्यांना आता नवीन बांधायचं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट जाता जाता. सगळीकडे ॲक्टिव्हेटेड स्लजच हवं असं नाही. उबदार हवामानात, जागा असेल तर तलावांची पद्धत जवळपास विजेविना चालते. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनचे खाट्झे लेटिंगा यांनी १९७०च्या दशकात विकसित केलेली यूएएसबी टाकी हवेशिवाय घाण पचवते आणि वायूही देते. तिची मर्यादाही आहे: मिथेनचा बराच भाग पाण्यात विरघळून बाहेर निसटतो आणि पाणी पुरतं स्वच्छ व्हायला पुढे आणखी एक टप्पा लागतो. तरीही निवड करताना हे पर्याय टेबलावर असले पाहिजेत. सगळ्यात महागडी पडद्यांची पद्धत, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यांतून (मेंब्रेन) पाणी गाळण्याची, जिथे पडदे तुंबू नयेत म्हणून त्यांच्यावरही सतत हवा फुंकावी लागते, ती केवळ नवी आहे म्हणून निवडू नये. जागेची खरोखर टंचाई असेल किंवा पाणी परत वापरायचं असेल, तर गोष्ट वेगळी.

मागणी साधी आहे आणि तिच्यासाठी कुठलं नवं तंत्रज्ञान लागत नाही. चालवण्याच्या करारात विजेची रक्कम लिहा आणि पाण्याचा दर्जा राखून जेवढी वाचेल तिचा वाटा चालवणाऱ्याला द्या, पाळीवरच्या माणसांपर्यंत पोचेल असा. ब्लोअरला स्वतंत्र मीटर बसवा, कारण अख्ख्या केंद्राचं एकच बिल आलं की त्यात चूक शोधता येत नाही. सेन्सर पुसण्याचा वार ठरवा आणि पुसणाऱ्याची सही घ्या. आणि नगरपालिकेच्या बैठकीत सदस्यांनी, तसंच बाहेर बसलेल्या नागरिकांनी, एकच प्रश्न दर महिन्याला विचारावा: गेल्या महिन्यात किती किलो घाण काढली आणि किती युनिट लागले?

त्या रात्री निघताना मी ऑपरेटरची नोंदवही पाहायला मागितली. नीटस अक्षरात दर तासाच्या नोंदी होत्या: आवक, डीओ, दाब, गाळाचं प्रमाण, कुठला ब्लोअर किती तास. युनिटांसाठी रकाना नव्हता. वीजमीटर पन्नास पावलांवरच्या खोलीत होता, त्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली दुसऱ्या खात्याकडे होती.